चौथी बादली

सोमवार, ता. ३ मार्च

आज लेकीच्या घरी सुखरूप येऊन पोहोचलो. स्थानकावर जावईबापू स्वतः घ्यावयास आले होते. माझ्या हातातील पेटी घेण्याचा त्यांनी फार आग्रह केला, परंतु मी ती दिली नाही. तीत माझा पितळी हातोडा आहे, आणि मिस्त्रीने आपला हातोडा दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे मी मानतो.

घर बेताचे, पण स्वच्छ आहे. मागच्या दारातून बाहेर पडले की फरसबंद अंगण लागते आणि त्यापलीकडे यांचा कारखाना. अंगणात एक उंच पांढरी टाकी उभी आहे. तिच्या नळांवर भर उन्हात बर्फ साचलेला असतो. ही गंमत मी बराच वेळ उभा राहून पाहिली.

नातीने आपली खोली मला दिली आहे. ती बैठकीच्या खोलीत झोपणार. मलाच तेथे झोपू द्या, असे मी म्हटले, तेव्हा लेक म्हणाली की अण्णा, आल्या आल्या हुकूम सोडू नका, या घरात हुकूम माझा चालतो. जावईबापूंनी मान डोलावून त्यास दुजोरा दिला. सर्वजण मनापासून हसलो. पत्नी गेल्यानंतर इतका हसल्याचे मला स्मरत नाही.

माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झाले आहे. तथापि जे लिहावे ते शुद्ध आणि स्वच्छ लिहावे, ही गुरुजींची शिकवण मी सोडलेली नाही. कारखान्यात लक्ष घालावे, अशी लेकीने मला विनंती केली आहे. तिचा बाप बसून खाणारा नव्हे, हे ती जाणते.

मंगळवार, ता. ४ मार्च

कारखाना पाहिला. आयुष्यभर मी चाक तापवून दांड्यावर चढविले. चाक भट्टीत घालावे, ते तापून फुलले की त्याच्या भोकात दांडा सोडावा. चाक निवले की दांड्यास असे आवळते की पुन्हा सुटणे नाही. येथे सर्व उलटे आहे. येथे चाकास कोणी तापवीत नाही. येथे दांडा गोठवितात. गोठला की तो केसभर आकसतो, आणि भोकात अलगद उतरतो. मग त्यास ऊब लागते, तो फुगतो, आणि कायमचा अडकतो.

गोठविण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन वापरतात. कामगार त्यास नुसते लिक्विड म्हणतात. ते कसे होते, हे जावईबापूंनी मला समजावून दिले. हवा दाबली की ती तापते. तिची ती ऊब काढून घ्यावयाची आणि मग तिला एकदम मोकळे सोडावयाचे. मोकळी सुटताना ती स्वतःच्या अंगची उष्णता खर्च करते आणि अधिकच गारठते. असे पुनःपुन्हा केले की शेवटी हवेचे पाणी होते, आणि त्यातून नायट्रोजन वेगळा काढतात. हे सर्व दूरच्या मोठ्या कारखान्यात होते. येथे टँकर येऊन टाकी भरून जातो. टाकीस दोन भिंती असून मधली पोकळी निर्वात आहे, चहाच्या थर्मासप्रमाणे. त्यांनी वाटीभर लिक्विडमध्ये बर्फाचा खडा टाकून दाखविला. तापल्या तव्यावर पाणी पडावे तसे ते उसळले. बर्फदेखील त्यास विस्तवासारखा वाटतो म्हणावयाचा.

याच थंडीने ते लोखंड कातण्याच्या हत्यारांचे पोलाद सावकाश गारठवून चिवट करतात. जुने रबर गोठवून वाळक्या पानासारखे दळतात. भरल्या नळास बाहेरून ही थंडी देऊन आत बर्फाचे बूच बसवितात, म्हणजे साऱ्या इमारतीचे पाणी न तोडता नळ दुरुस्त होतो. बुद्धीचे काम आहे, हे मान्य केले पाहिजे.

लांब दांडे उभे बुडवावे लागतात. त्यासाठी कारखान्याच्या मधोमध पुरुषभर खोल खड्डा असून त्यात लिक्विडचे उभे पिंप आहे. खाली जाण्यास लोखंडी शिडी आहे. हे सर्व काम माझी लेक पाहते. दांडा बुडविला की पिंप उकळू लागते आणि खड्डा पांढऱ्या धुक्याने भरतो. उकळणे थांबले की दांडा तयार. मग यारीवाला आपल्या यारीने, म्हणजे क्रेनने, तो उचलून चाकात सोडतो. हा यारीवाला ताडमाड उंच असून त्यास सारे लंबू म्हणतात. त्याने मला आजोबा अशी हाक मारली आणि बसावयास खुर्ची आणून दिली. मिस्त्री कामाच्या जागी बसत नसतो, हे मी त्यास सांगितले नाही.

मी हातोडा सोबत नेला होता. दांडा चाकात उतरला, तेव्हा एका ठोक्याचीही गरज पडली नाही. हातोडा मी पुन्हा फडक्यात गुंडाळला.

गुरुवार, ता. ६ मार्च

आज लेकीने मला खड्ड्याचे नियम सांगितले. ज्या पोरीस मी बोट धरून शाळेत पोहोचविले, ती माझ्यासमोर बोट नाचवीत नियम सांगत होती.

नायट्रोजन विषारी नाही. आपण जो श्वास घेतो, त्याचा बराच मोठा भाग तोच असतो. तो कोणास काही करीत नाही. केवळ जागा अडवितो. त्याने जागा अडविली की प्राणवायूस जागा उरत नाही. त्यास वास नाही, चव नाही. थंड असल्याने तो खड्ड्यात तळाशी साचतो. आणि जीव गुदमरल्याचेही कळत नाही, उलट माणसास फार बरे वाटते, असे ती म्हणाली. खाली उतरण्यापूर्वी मोठा पंखा लावून तळाची हवा ओढून काढावी लागते. शिवाय प्रत्येकाने छातीवर एक लहान पेटी अडकवावयाची असते. हवा बिघडली की ती ओरडते.

शेवटचा नियम तिने दोनदा सांगितला. खाली एखादा पडलेला दिसला, तर दुसऱ्याने त्याच्यामागे उतरावयाचे नाही. मग तो कोणीही असो. पंखा लावावा, हवेचा मुखवटा आणावा, हाका माराव्यात. उतरू मात्र नये. मी विचारले की सख्खा भाऊ असला तर. शेजारी साखळी पुसत असलेल्या लंबूने दुसरीकडे तोंड फिरविले.

शनिवार, ता. ८ मार्च

आज अपमानाचा दिवस.

दोन गिऱ्हाईक साहेब आले होते. त्यांच्यासमोर आपणही काही करावे, या हेतूने मी पिंपाचे झाकण पाहावयास शिडीवरून चार पायऱ्या उतरलो. छातीवरील पेटी अशी किंचाळली की सारा कारखाना थांबला. लेक धावत आली आणि काठावरून ओरडली की अण्णा वर या, आधी वर या, काही बोलू नका, वर या. लंबूने माझ्या काखेत हात घालून मला उचलून घेतले, जसे पाण्याशी खेळणाऱ्या मुलास उचलतात. वर आल्यावर कोणीतरी म्हणाले की आजोबांचा बाजा वाजला. साहेबसुद्धा हसले. लेक हसली नाही, तेच मला अधिक लागले.

सोमवार, ता. १० मार्च

माझा उजवा हात थोडा कापतो. घरी एकटा होतो तेव्हा ते जाणवत नसे. येथे सर्वांसमवेत जेवावयास बसावे लागते. आज दुपारी पेला तोंडापर्यंत पोहोचलाच नाही. पाणी जावईबापूंच्या पानात सांडले. त्यांनी फडके घेऊन पुसले आणि पेल्याऐवजी माझ्यापुढे नातीचा जुना, दोन कानांचा पेला आणून ठेवला. माणूस फार सज्जन आहे. सज्जन माणसाने दिलेली लाज धुवून निघत नाही.

संध्याकाळी नात फोनवर मैत्रिणीस सांगत होती की माझ्या खोलीत आता अण्णा असतात, तू नको येऊस, आपल्याला बसायलाच जागा नाही. तिच्या स्वरात राग नव्हता. मी दार हळूच लोटून घेतले. केवळ जागा अडवितो, हे शब्द मला आठवले.

लेकीस सांगितले आहे की उद्यापासून मी दुपारचा डबा कारखान्यातच खाईन. तेथे त्या वेळी कोणी नसते.

बुधवार, ता. १२ मार्च

लिहिण्याचे धैर्य होत नाही, तरी लिहितो.

एका गिरणीचे मोठे चाक आले होते. दांडा मी बसवीन, असा मी हट्ट धरला. लेक म्हणाली की अण्णा, येथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही, दांडा क्षणात घट्ट धरतो. मी म्हणालो की तुझ्या जन्माआधीपासून मी हेच करतो आहे. तिने मला हातमोजे दिले.

यारीने दांडा बरोबर आणला. त्यास सरळ धरून आत उतरविणे एवढेच माझे काम होते. माझा हात कापला. दांडा किंचित तिरका झाला, अर्ध्यात थांबला, आणि धरला. मी घाबरून हातोडा काढला आणि ठोके घालू लागलो. गोठलेल्या पोलादावर ठोका घालू नये, हे नवख्यासही सांगितलेले असते. दांड्यास चीर गेली. हातोडा हातातून निसटला, काठावर आपटला आणि खड्ड्यात पडला.

गिरणीचे साहेब दुपारी आले. लेकीने त्यांना सांगितले की चूक माझी झाली, मी घाई केली. मी तेथेच खुर्चीवर बसलो होतो. होय, खुर्चीवर. ते तिला बरेच बोलले. तिने मान खाली घालून ऐकून घेतले. मी उभा राहिलो आणि पुन्हा खुर्चीवर बसलो. माझ्या लेकीने माझी चूक पदरात घेतली आणि मी ती तिच्या पदरात राहू दिली.

हातोडा अजून खाली आहे. तो मागावयाचा कोणत्या तोंडाने?

गुरुवार, ता. १३ मार्च

दुपारी सर्वजण जेवावयास घरात गेले. जेवणाच्या वेळी पंखा बंद असतो. हातोडा आपण गुपचूप काढून आणावा, असे ठरविले. पेटी पुन्हा किंचाळली असती आणि पुन्हा सारे धावत आले असते. म्हणून ती मी माझ्या लोकरी मफलरमध्ये घट्ट गुंडाळून सदऱ्याच्या आत बांधली. खाली उतरताना ती पोटाशी पाखरासारखी फडफडत होती, पण आवाज बाहेर आला नाही.

खाली धुके गुडघाभर होते. पिंपाआड दोन बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या आणि एकीवर एक गृहस्थ बसले होते. वयाने माझ्याहून थोडे लहान, डोक्यास लोकरी टोपी, भुवया पांढऱ्या. चेहरा हसरा. हा जेवावयास कसा गेला नाही, असे मनात आले. त्यांनी माझा हातोडा फडक्याने पुसून मजपुढे धरला आणि म्हणाले की घ्या मिस्त्री, सुंदर हत्यार आहे, हल्ली असे मिळत नाही.

मिस्त्री म्हणाले. येथे आल्यापासून प्रथमच.

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. आम्ही भट्टीवर चढविलेल्या चाकांविषयी बोललो. मला फार बरे वाटले. कालचा प्रकार जणू दुसऱ्या कोणाचा होता. मी हातोडा समोर धरून पाहिला. हात कापत नव्हता. मुळीच नाही.

वर आलो तेव्हा डोके ठणकत होते आणि नखे निळसर दिसत होती. एक गोष्ट आता लिहिताना ध्यानात येते. बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. त्यांच्या तोंडातून निघत नव्हती.

शनिवार, ता. १५ मार्च

काल आणि आज दोन्ही दुपारी खाली गेलो. जाणे योग्य नाही हे मी जाणतो. परंतु सकाळी लंबूने माझ्या हातमोज्यांचे बंद बांधून दिले. साठ वर्षे कामावर हात घातलेल्या माणसाचे बंद. मग दुपार होईतो मला दुसरे काही सुचले नाही.

आज तेथे दुसरेही गृहस्थ होते. तोंडवळा पहिल्यासारखाच. ते बसत नाहीत. त्यांचा एक पाय जमिनीवर आणि एक पाय शिडीच्या पायरीवर असतो, जणू ते आत्ताच उतरले आहेत. तेही हसतात.

पालथ्या बादल्या आता तीन आहेत. तिसरी माझ्यासाठी, असे ते म्हणाले. मी तीवर बसलो. खुर्चीवर बसल्यासारखे वाटले नाही.

सोमवार, ता. १७ मार्च

आज मी लंबूस सहज विचारले की लोकरी टोपीवाले ते गृहस्थ कोण. त्याच्या हातातील साखळी खाली पडली. आजोबा, तुम्हाला कोणी सांगितले, असे तो म्हणाला. मग त्याने मला बाहेर टाकीपाशी नेऊन सर्व सांगितले.

ते येथील जुने मुकादम. एकदा पाना खाली पडला म्हणून पंखा न लावता उतरले. क्षणाचेच काम, असे म्हणाले. पाना उचलला, बादलीवर बसले आणि हसू लागले. वरून त्यांच्या भावाने पाहिले. त्यास नियम ठाऊक होता. तरी तो उतरला. शेवटच्या पायरीवर त्यानेही हसावयास सुरुवात केली. तिसरा लंबू स्वतः निघाला होता. माझ्या लेकीने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून त्यास पाडले आणि पंखा चालू होईतो त्याच्या छातीवर बसून राहिली. दोघांची प्रेते बाहेर काढली, तेव्हाही दोघे हसतच होते, असे लंबू म्हणाला. तेवढेच मला अजून झोपू देत नाही, असेही म्हणाला.

मी त्यास म्हटले की मी नुसते ऐकले होते. खोटे बोललो.

मी ज्यांच्याशी बोललो, ते कोण, हे मला आता कळले आहे. भीती वाटावयास हवी. वाटते आहे. पण तिच्याहून मोठी लाज वाटते की हे कळल्यावरही मला प्रथम आठवले ते त्यांचे मिस्त्री म्हणणे.

मंगळवार, ता. १८ मार्च

लेकीस मफलर सापडला. पेटी तशीच आत गुंडाळलेली होती.

तिने मला नातीच्या खोलीत बसविले आणि दार लावून घेतले. ओरडेल, असे वाटले होते. ती ओरडली नाही. ती खाली जमिनीवर बसली, लहानपणी बसत असे तशी, माझ्या पायांशी. म्हणाली की अण्णा, लंबूला मी धरले, पण मला धरणारे कोणी नाही. तुम्ही खाली असलात तर मी उतरेन. नियम मीच शिकवते, तरी उतरेन. क्षणभरसुद्धा विचार करणार नाही. मला त्या शिडीवर पाय ठेवायला लावू नका.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिले. हात कापत होता. तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

उद्यापासून मी कारखान्यात एकट्याने जावयाचे नाही. जेवणाच्या वेळीही पंखा चालू राहणार. तिने लंबूस माझ्यावर लक्ष ठेवावयास सांगितले आहे. मी ते दाराआडून ऐकले. कुलूप लावता येत नाही म्हणून माणूस लावला.

बुधवार, ता. १९ मार्च

गेलो नाही. दिवसभर अंगणात बसून राहिलो. पंख्याची घरघर अंगणापर्यंत येते. तिच्या खाली दुसरा आवाज आहे. मुकादम बोलतात. विचारतात की मिस्त्री, आज का नाही.

मी उठून टाकीच्या पलीकडे जाऊन बसलो.

जेवताना नातीने माझ्या हाताकडे पाहिले आणि पटकन दुसरीकडे पाहिले. दोन कानांचा पेला.

मुकादमांनी आणखी एक विचारले. लेक कशी आहे, असे. मला ते आवडले नाही. तिचे नाव त्यांनी —

मी कान झाकून घेतले.

गुरुवार, ता. २० मार्च

सकाळी लेक खूप रागावून विचारीत होती की चौथी बादली खाली कोणी नेली. पिंपाआड पालथी ठेवली आहे. सर्वांनी माना हलविल्या. लंबू माझ्याकडे पाहत होता.

मी काही नेलेले नाही.

माझ्या डाव्या पंज्यावर कडीचा वळ आहे. बादलीच्या कडीचा. पहाटेपर्यंत नव्हता. मी नेली असेन काय? मला आठवत नाही. आठवत नाही हे कोणास सांगावे? लेकीस? ती मला खोलीत बंद करील. करावयासच हवे. तिला आत्ता जाऊन सांगितले पाहिजे की मला बंद कर, दाराशी बस, सोडू नकोस.

दारापर्यंत गेलो. बैठकीत जावईबापू तिला म्हणत होते की अण्णांना एकदा डॉक्टरांना दाखवू या, डोक्याच्या. हळू म्हणत होते. मला ऐकू जाऊ नये म्हणून.

परत फिरलो. उद्या सांगेन.

चौथी कोणासाठी, हे मला ठाऊक आहे. म्हणून जावयाचे नाही. काही झाले तरी नाही. मी गेलो तर ती —

शुक्रवार, ता. २१ मार्च

अंथरूण ओले झाले. नातीची गादी. तिनेच पाहिले. ती ओरडली नाही, तिने चादर गुंडाळून नेली आणि कोणास न सांगण्याचे मला वचन दिले. बारा वर्षांची पोर मला वचन देते —

कोणाकडे पाहावत नाही.

जेवावयास बोलावत आहेत. भूक नाही, पडतो, असे सांगितले. लंबूही पानावर बसला आहे.

अंगण. दार उघडेच आहे. पंखा फार आवाज करतो. मुकादमांना तो सोसत नाही. कळ दाबली तर — नुसते थोडा वेळ —

किती शांत झाले.

फक्त काठावर बसतो. वचन दिले आहे. काठावर.

खालच्या पायरीवर आहे. वही गुडघ्यावर. धुके छातीपर्यंत, कापसासारखे. मफलर मिळाला नाही. पेटी घरीच.

ते दोघे आहेत. तिसऱ्या बादलीवर मी. हात पाहा. अक्षर पाहा, किती सरळ. गुरुजींना दाखवावे असे. कशाची एवढी लाज धरून बसलो होतो, ते आता आठवत नाही. गादीचे काहीतरी होते. दांड्याचे. हसू येते.

वर कोणी धावते आहे. अण्णा, अण्णा. माझ्या पोरीचा आवाज. वर या म्हणते. तिला काहीतरी सांगावयाचे होते, महत्त्वाचे. वचनाचे. उतरू नको, असे काही — पण का बरे नको? येथे तर सर्व चांगले आहे. मुकादम चौथी बादली बाहीने पुसत आहेत.

तिची पेटी किंचाळते आहे. लोक धावतील. पेटी काढून ठेव, पोरी, असे मी वर म्हणालो. तिने काढली नाही. तशीच निघाली. लंबू अजून पानावर असेल, तिला धरणारे कोणी —

भाऊ पायरीवरून बाजूला झाला. तिला जागा करून देतो आहे. माणसे सज्जन आहेत.

तिचा पाय दिसला. अनवाणी. लहानपणीही अशीच धावत येत असे, चप्पल न घालता, मी कामावरून आलो की. ये. सावकाश ये, पोरी, घाई नको. शेवटची पायरी बर्फाने निसरडी झाली आहे, तेवढी सांभाळ, माझा हात ध